मुलींचं मैदान आणि शरीअतचा सवाल

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'मुस्लिम मुली आणि खेळ' असा छापला आहे. मघाशी चहाच्या वेळी एकीने मला विचारलंच, की तलाक, पोटगी, दंगलीनंतरचं पुनर्वसन असे प्रश्न समोर असताना खेळावर काय बोलणार? काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. माझं मत कसं बदललं, ते आधी सांगते.

आम्ही काम करतो त्या वस्तीत मुलींची कबड्डी सुरू केली. शाळेचं पटांगण, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास. सुरुवातीला २२ मुली येत होत्या. महिन्याभरात ९ उरल्या. घरोघर फिरलो तेव्हा एकच वाक्य कानावर येत गेलं, "खेळणं हराम आहे म्हणतात." कोण म्हणतं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. कुणी नळावर ऐकलं होतं, कुणाच्या दिराने जुम्म्याच्या नमाजनंतर ऐकलं होतं, तर कुणाला शेजारणीने सांगितलं होतं.

त्या फेरीत एका आईने मला दारातच गाठलं. घरी बसून जरीकाम करणारी बाई, पदरात दोन मुली. ती म्हणाली, "बाजी, तुम्ही शिकलेल्या आहात. मला एवढंच सांगा, हे खरोखर हराम आहे का? असेल तर मी मुलीला पाठवणार नाही. नसेल, तर तिला कोण अडवतं ते मी बघते."

मी म्हणाले, "घटनेने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे."

ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी ते विचारलं नाही."

मैत्रिणींनो, मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. पितृसत्तेवर मी तासभर बोलू शकते. मी स्वतः मुसलमान आहे, रत्नागिरीकडची. लहानपणी कुराण पूर्ण वाचलं, पण आपल्याकडच्या बहुतेक मुली वाचतात तसंच, अरबीतून, अर्थ न कळता. त्या बाईच्या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. "विचारून सांगते," म्हणून मी परत आले. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

पहिल्यांदा गेले ते वस्तीतल्याच एका वयोवृद्ध मौलानांकडे. ते आम्हाला हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, मी इथे चाळीस वर्षं आहे. गल्लीत पोरं सकाळ-संध्याकाळ क्रिकेट खेळतात. ते हराम की हलाल, हे विचारायला आजवर माझ्याकडे कुणी आलं नाही." त्यांनी मुलींच्या बाजूने निवाडा दिला असं मी म्हणणार नाही. पोशाख, पुरुषांची नजर, वेळ, सगळ्या अटी त्यांनी मोजून सांगितल्या. पण शोध कुठून सुरू करायचा, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

आता शरीअत याबद्दल काय म्हणते ते थोडक्यात सांगते. माझा दावा विद्वत्तेचा नाही. वाचून, विचारून जे समजलं तेवढंच सांगते.

फिक्ह म्हणजे इस्लामी कायद्याचं शास्त्र. त्यात माणसाच्या प्रत्येक कृतीला एक दर्जा दिलेला असतो. फर्ज म्हणजे करायलाच हवं. मुस्तहब म्हणजे केलं तर पुण्य. मुबाह म्हणजे करा किंवा करू नका, मोकळीक आहे. मक्रूह म्हणजे टाळलेलं बरं. आणि हराम म्हणजे निषिद्ध. बहुसंख्य फकीहांनी मानलेलं एक तत्त्व असं, की इबादतीत नवं काही घालायचं तर आधार हवा, पण रोजच्या व्यवहारातली गोष्ट मनाईचा आधार मिळेपर्यंत मुबाह असते. म्हणजे क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांची नावं कुराणात नाहीत म्हणून ते खेळ हराम ठरत नाहीत. हराम म्हणणाऱ्याने आधार दाखवायचा असतो. आपल्या वस्त्यांत मात्र उलटं चालतं. परवानगीचा आधार मुलीने दाखवायचा आणि मनाई करणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही.

हदीसच्या ग्रंथांत खेळ पुष्कळ आहेत. पैगंबरांनी घोड्यांच्या शर्यती लावल्याचा उल्लेख बुखारीत आहे. रुकाना नावाच्या पहिलवानाशी ते कुस्ती खेळल्याची कथा आहे. दुबळ्या मोमिनापेक्षा सशक्त मोमिन अल्लाहला अधिक प्रिय, अशा आशयाची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची अबू दाऊदच्या संग्रहातली. हजरत आयेशा सांगतात, की एका प्रवासात त्यांची आणि पैगंबरांची धावण्याची शर्यत लागली आणि त्या जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड, असं म्हणाले. आणखी एक हदीस बुखारीत आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते. आयेशांना ते पाहायचे होते. पैगंबरांनी त्यांना आपल्या आडोशाला उभं केलं आणि त्यांचं मन भरेपर्यंत पाहू दिलं.

हे मी पहिल्यांदा आयांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा खोलीत एकदम शांतता पसरली. मग एक म्हातारी म्हणाली, "आम्हाला आयेशांचं लग्न सांगितलं, त्यांचा पडदा सांगितला, त्यांचं धावणं कुणी सांगितलं नाही."

पण आपल्या सोयीचं तेवढंच सांगायचं, असं मी करणार नाही. विरोधी आधारही आहेत. तिरंदाजी, घोडा शिकवणं आणि पत्नीसोबतचा खेळ हे तीन सोडून माणसाचे बाकीचे खेळ 'बातिल', म्हणजे व्यर्थ, अशा आशयाची एक हदीस आहे. खेळांना विरोध करणारे उलेमा तीच पुढे करतात. तिला इमाम गझालींनी दिलेलं उत्तर मला पटलं. गझाली ११११ साली वारले. ते म्हणतात, व्यर्थ म्हणजे ज्यातून लाभ नाही असं, त्याचा अर्थ निषिद्ध असा होत नाही. त्याच गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात लिहिलं आहे, की मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं, सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं आणि बुद्धी बोथट होते. नऊशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. आपल्याकडे आजही दहावीच्या वर्षात मुलांचा खेळ बंद करतात आणि मुलींचा त्याच्या कितीतरी आधी.

खेळाला अटी मात्र आहेत. त्यात जुगार नको, कुराणाने तो स्पष्ट मना केला आहे. नमाज चुकता कामा नये. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा पोचवू नये. चेहऱ्यावर मारू नये. आणि सतर, म्हणजे अंग झाकण्याची मर्यादा, पाळावी. या अटी एकेक करून घ्या आणि आपल्या आसपास पाहा.

सतर पुरुषालाही आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफी, बाकी महाराष्ट्रातले बहुतेक हनफी. दोन्ही मतांप्रमाणे पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकायचं असतं. आखूड चड्डी घालून फुटबॉल खेळणारा प्रत्येक मुलगा ही अट मोडतो. त्याला मैदानावरून कुणी घरी पाठवल्याचं तुम्ही पाहिलंत? क्रिकेटवर सट्टा लागतो. तो हराम आहे याबद्दल उलेमांमध्ये दुमत नाही. सट्टा लावणाऱ्यांचा बोभाटा वस्तीत कितीसा होतो?

मुष्टियुद्धाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. मक्केच्या फिक्ह अकादमीने १९८७ साली ठराव केला, की आजच्या स्वरूपातलं मुष्टियुद्ध निषिद्ध आहे. त्यात चेहऱ्यावर ठोसे मारतात, डोळा जाऊ शकतो, मेंदूला इजा होते, जीवही जातो, हे त्याचं कारण. हा ठराव स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होतो. तरीही महंमद अली मुसलमानांचा लाडका नायक राहिला आणि आजही आहे. आता आपल्या शेजारच्या निजामाबादची निखत झरीन घ्या. ती २०२२ साली इस्तंबूलला जगज्जेती झाली आणि २०२३ साली दिल्लीत पुन्हा झाली. ती सुरुवातीला खेळायला लागली तेव्हा लोकांनी तिच्या वडिलांना कशाबद्दल टोकलं? मेंदूच्या इजेबद्दल नव्हे, तर आखूड कपड्यांबद्दल. हे त्या घरच्यांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे. २००५ साली सानिया मिर्झाच्या बाबतीतही तेच झालं. ती कशी खेळते यापेक्षा तिचा स्कर्ट केवढा, याचीच चर्चा वर्तमानपत्रांतून महिनाभर चालू होती.

शरीअतच्या अटी अनेक आहेत. त्यातली मुलीच्या कपड्यांची तेवढी उचलायची आणि बाकीच्या सोयीने विसरायच्या, याला मी धर्मपालन म्हणणार नाही. ही मुलीवरची राखण आहे आणि धर्माचं नाव तिला उसनं घेतलेलं आहे.

एकच ग्रंथ मानणाऱ्या देशांत काय काय घडलं तेही पाहा. मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने १९८४ साली लॉस एंजलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली अरब स्त्री. देशाने तिला डोक्यावर घेतलं. शेजारच्या अल्जीरियाची हसीबा बुलमर्का १९९१ साली १५०० मीटरमध्ये जगज्जेती झाली, तर तिचे उघडे पाय दिसले म्हणून काही इमामांनी तिचा धिक्कार केला. तिला धमक्या आल्या. तिने परदेशात राहून सराव केला आणि १९९२ साली बार्सिलोनाला सुवर्णपदक जिंकलं. सौदी अरेबियाने ऑलिंपिकला पहिल्यांदा स्त्रिया पाठवल्या त्या २०१२ साली. तिथल्या सरकारी शाळांत मुलींना खेळाचा तास द्यायचा निर्णय २०१७ साली झाला आणि स्टेडियममध्ये बसून फुटबॉल पाहायला बायकांना २०१८ साली मिळालं. मधल्या काळात कुराण बदललं नव्हतं, राज्यकर्त्यांचं धोरण बदललं होतं. अफगाणिस्तानात उलटं झालं. २०२१ साली तालिबान परत आले, मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि खेळही बंद झाले. ते आजही बंद आहेत.

याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ २०११ साली ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यासाठी अम्मानला गेला. त्यांच्या डोक्यावर स्कार्फ होता म्हणून त्यांना खेळू दिलं नाही. स्कार्फला कायमची परवानगी मिळाली ती २०१४ साली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सने स्वतःच्या खेळाडूंना स्कार्फ बांधायची मनाई केली होती. आणि त्याच इराणमध्ये बायकांना पुरुषांचा फुटबॉल सामना पाहायला बंदी होती. सहर खोदायारी नावाची तरुणी पुरुषाचा वेश करून स्टेडियममध्ये शिरू पाहत होती. तिला पकडलं, खटला भरला. तुरुंगाच्या भीतीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्या महिन्यात तेहरानच्या मैदानात काही हजार बायकांना प्रवेश मिळाला. एकजण स्कार्फ काढ म्हणतो, दुसरा घाल म्हणतो. दोघांनाही मुलीला काय हवं हे विचारायची गरज वाटत नाही.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे येते. संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला बजावलं, "तू हदीस सांगायला लागलीस म्हणजे निकाल द्यायचा हक्क मौलवींना दिलास. उद्या त्यांनी दुसरी हदीस काढली तर काय करशील?" आक्षेप खरा आहे. मी त्यावर खूप विचार केला आहे.

माझं म्हणणं असं. ती जरीकाम करणारी बाई श्रद्धाळू आहे. मुलीचं सुख आणि अल्लाहची मर्जी यांतलं एक निवड, असं तिला सांगणं क्रूरपणाचं आहे. त्यातून तसा पेच मुळात नसताना, केवळ ऐकीव गोष्टीवर तिने मुलीला घरी बसवावं, हे तर मला सहनच होत नाही. ग्रंथात काय आहे हे कळणं हा तिचा हक्क आहे. आजवर ते तिला दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या सोयीने कळत आलं. पण आम्ही आमच्यापुरती एक रेघ आखून घेतली आहे. आम्ही माहिती घेतो, परवानगी मागत नाही. पटांगणासाठी आम्ही कुणाकडून फतवा आणलेला नाही आणि आणणारही नाही. ज्या मुलीला ग्रंथाशी काही देणंघेणं नाही तिलाही पटांगणावर तेवढीच जागा आहे.

आणि आपल्यातल्या हिंदू मैत्रिणींना एक विनंती. हे ऐकून 'बिचाऱ्या मुसलमान मुली' असं मनात येऊ देऊ नका. पाळी आल्यावर लंगडी, खो-खो सुटलेल्या किती जणी इथे बसल्या आहेत? मघाशी मी हात वर करायला सांगितले असते तर अर्ध्याहून अधिक वर आले असते. मीही शाळेत धावत होते, तालुक्याला पहिली आले होते. सातवीनंतर मावशी एवढंच म्हणाली, "आता पुरे." हराम हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तुमच्या घरी 'चांगल्या घरच्या मुली' म्हणतात, आमच्या घरी त्यालाच शरीअत म्हणतात.

आमच्या पटांगणाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. मी त्या आईकडे परत गेले आणि वाचलेलं सगळं सांगितलं, विरोधातलंही. ती ऐकत होती, सुई चालूच होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे कपडे नीट, नमाज वेळेवर, आणि जुगार नाही. एवढंच ना? मग पोरगी येईल." मग तिनेच बायकांची बैठक बोलावली. सोडून गेलेल्या मुलींची खरी कारणं त्या बैठकीत बाहेर आली. पाण्याची वेळ नेमकी खेळाच्या वेळेला होती. वाटेवर टवाळ पोरांचा अड्डा होता. धाकट्या भावंडांना सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. हराम हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, कारण तो उच्चारला की पुढे बोलणं संपतं. पाण्याची वेळ म्हटलं की कुणाला तरी हंडा उचलावा लागतो.

मग आम्ही असरनंतर खेळ सुरू करून मगरीबच्या आधी संपवायचं ठरवलं. दोन बायका आळीपाळीने फाटकाशी बसू लागल्या. नुसत्या बायकाच असतील तिथे पोशाखाचे नियमही पुष्कळ सैल होतात, ते मुलींना सांगितलं आणि काय घालायचं ते त्यांच्यावर सोडलं. कुणी सलवारवर खेळते, कुणी ट्रॅकपँटवर, कुणी स्कार्फ बांधून, कुणी न बांधता. मुंब्र्यात मुलींनी २०१२ पासून फुटबॉल खेळून दाखवलं, मैदानासाठी सह्या गोळा केल्या, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचा धीर वाटला.

आज आमच्याकडे १५ मुली येतात. पूर्वीच्या २२ परत आल्या नाहीत. आमची सगळ्यात चपळ मुलगी, एका दमात तिघींना बाद करून परत येणारी, ती आली नाही. तिच्या घरी मी चार वेळा गेले. तिच्या अब्बांना सगळे आधार पटले. मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, हराम नाहीच." पण मुलीला पाठवलं नाही. तिचं लग्न ठरलं होतं. ती अजून अठरा वर्षांची नव्हती. ते लग्न आम्ही थांबवलं, पण पटांगण तिला परत मिळवून देता आलं नाही. शरीअतचा आधार कुठवर पुरतो आणि पुढचं काम कुठून सुरू होतं, हे मला त्या घरात समजलं.

तुमच्या वस्तीत मुलींचं मैदान सुरू करणार असाल तर दोन्ही तयारी ठेवा. "हराम आहे" म्हणणाऱ्याला "कशाच्या आधारे?" असं शांतपणे विचारण्याइतकं वाचून ठेवा. आणि नळाला पाणी किती वाजता येतं, तेही आधी विचारून घ्या.